कावळा डोक्याला लागला तेव्हा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन गावी आलो तेव्हा मी इतका थकलो होतो की पहिले काही दिवस नुसते झोपून काढले. थकवा अभ्यासाचा नव्हता, भाषेचा होता. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकलो. आदिलाबादच्या कॉलेजात पुस्तक इंग्रजी, सर समजावणार तेलुगूतून, आणि मी ते मनातल्या मनात मराठीत करून घेणार. तोवर सर पुढच्या पानावर गेलेले असायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे हे कुणापाशी बोलावं तेही कळत नव्हतं. माय विचारायची, "समजते ना बाबू?" मी म्हणायचो, "समजते." ती समाधानाने कामाला लागायची आणि मला आणखी थकल्यासारखं व्हायचं.

आमचं गाव भीमपूरच्या बाजूला. थोडं चाललं की पैनगंगा, पलीकडे महाराष्ट्र. उन्हाळ्यात कापसाची पऱ्हाटी उपटून झालेली असते, शेतं उघडी पडलेली असतात, आणि दुपारी गावात कावळ्यांशिवाय कुणी बोलत नाही.

प्राणिशास्त्राच्या सरांनी सुट्टीत करायला एक काम दिलं होतं. गावातल्या कोणत्याही प्राण्याचं किंवा पक्ष्याचं वागणं पाहायचं आणि लिहून आणायचं. "पुस्तकंलोदि वद्दु, चूसिंदि रायंडि," असं त्यांनी बजावलं होतं. पुस्तकातलं नको, पाहिलेलं लिहा. मी कोकिळा निवडली. खरं कारण असं की त्या एकाच धड्यात मला आधीपासून काही माहीत होतं. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते हे आमच्याकडे कुणालाही विचारा. पुस्तकात मात्र परदेशातली कोकिळा होती, दलदलीतल्या गवतात घरटी करणारे कुठले कुठले छोटे पक्षी होते. त्यांची नावं मला उच्चारताही येत नव्हती.

पण त्या धड्यात एक गोष्ट होती जी मला माहीत नव्हती, आणि तीच माझ्या डोक्यात राहिली. फसवले जाणारे पक्षी गप्प बसत नाहीत. काही जण कोकिळा दिसताच तिच्यावर तुटून पडतात. काही जण आपल्या अंड्याचा रंग, त्यावरचे ठिपके ओळखून ठेवतात आणि वेगळं दिसलेलं अंडं चोचीने बाहेर टाकतात. काही अख्खं घरटंच सोडून देतात. मग कोकिळेची अंडी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या अंड्यांसारखी होत जातात, आणि त्या पक्ष्यांची नजर आणखी बारीक होत जाते. याला शेवट नाही. आणि या संशयाची एक किंमत आहे असंही त्यात होतं. कधी कधी तो पक्षी चुकतो, आणि परकं समजून स्वतःचंच अंडं फेकून देतो. मी ते वाक्य दोनदा वाचलं होतं, आपण चुकीचा अर्थ लावला की काय म्हणून.

आमच्या गोठ्यामागे निंबाचं झाड आहे. त्यावर कावळ्याचं घरटं होतं. गोठ्याला लागून कडब्याची गंजी रचलेली असायची. तिच्यावर चढलं की घरटं फार उंच राहत नव्हतं. मी बाबांचा दाढीचा आरसा एका बांबूच्या टोकाला बांधला, बांबू हळूच वर सरकवला आणि खालून आरशात पाहू लागलो. हिरवट, वर मातकट ठिपके असलेली अंडी होती. त्यातलं एक जरा लहान वाटायचं. वाटायचं, एवढंच म्हणता येईल, कारण बांबू हलत होता.

एकदा मी बऱ्याच वेळापासून बसलो होतो तेव्हा काळा कोकीळ समोरच्या उघड्या फांदीवर येऊन ओरडू लागला. लाल डोळ्यांचा, अगदी निर्लज्जपणे. दोन्ही कावळे त्याच्या मागे लागले आणि त्याला पार वेशीपर्यंत घेऊन गेले. तेवढ्यात एक ठिपक्याठिपक्यांची मादी पानांतून आवाज न करता घरट्याकडे आली. तिने काय केलं ते मला दिसलं नाही. हे दोघांचं ठरलेलं होतं की योगायोग, तेही मी सांगू शकत नाही. पण कावळे परत आले, अंड्यांकडे वाकून पाहिलं आणि बसले. जे घरट्याच्या बाहेर आहे त्याच्यावर त्यांचा सगळा राग. जे आत आलं, ते त्यांचं.

पिल्लं निघाली तेव्हा एक आधी निघालं आणि बाकीच्यांच्या पुढे वाढत गेलं. कावळी आली की त्याचंच तोंड सर्वांत वर असायचं. मी ते आरशात पाहत होतो, तेव्हाच मागून माझ्या डोक्यावर काहीतरी आदळलं. नखं केसांत रुतली, चोच टाळूला लागली. मी बांबू सोडला आणि गंजीवरून घसरत खाली आलो.

माय दारात ज्वारी निवडत होती. तिने सगळं पाहिलं. सूप तसंच ठेवून ती उठली.

"कावया लागला! डोक्याले लागला रे!"

"माय, पिल्लं हायेत तिचे. म्हनून मारलं तिनं. मी आरसा नेला ना जवळ."

"मले नको शिकवू. शिकलेले लोकं बी मरतात."

बाबा गोठ्यातून आले. त्यांनी माझं डोकं वाकवून पाहिलं. "पयले हयद लाव त्याले," ते मायला म्हणाले. "मंग काय करायचं थे कर."

काय करायचं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. आमच्याकडे माणसाच्या डोक्याला कावळा लागला की ते मरणाचं बोलावणं समजतात. त्यावर एकच उपाय धरतात. तो माणूस मेला असा खोटा निरोप जवळच्या नातेवाइकाकडे पाठवायचा. नातेवाईक रडले की मरण येऊन गेलं, असं मानायचं. निरोप नेणारा मग हसून खरं सांगतो, शिव्या खातो, चहा पितो आणि परत येतो. यात दोन गोष्टी कडक असतात. रडणं मनापासूनचं पाहिजे. आणि समोरचा रडल्याशिवाय खरं सांगायचं नाही.

असे निरोप उन्हाळ्यातच का फिरतात हे मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं. कावळ्यांना पिल्लं तेव्हाच असतात. लोकांना कारण कळलेलं नसलं तरी हंगाम कळला होता. उन्हाळ्यात कुणाच्या मरणाचा निरोप आला की गावोगावी आधी विचारायचे, "कावया तं नाई ना लागला?" त्यामुळे निरोप नेणारेही हुशार होत गेले. नुसतं मेला म्हणून भागत नव्हतं, आजार सांगावा लागायचा, दवाखाना सांगावा लागायचा. आमच्या शेजारचे काका यात पटाईत समजले जायचे. डोक्याला हळद लावून खाटेवर पडल्यापडल्या मला तो धडा आठवत होता. अंडं आणखी सारखं, नजर आणखी बारीक. पण हे घरात सांगण्यासारखं नव्हतं.

"निरोप कोनाले पाठवाचा?" बाबांनी विचारलं.

माझी मोठी बहीण बेल्लमपल्लीला दिलेली. दाजी कोळशाच्या खाणीत, राहायला क्वार्टर. माझ्या नावाने मनापासून कुणी रडेल तर ती. लहानपणी माय-बाबा शेतात गेले की मला तिनेच सांभाळलेलं.

"अक्का रडन," माय म्हणाली.

"तिचे दिवस भरत आले," बाबा म्हणाले. "मांगचं बी गेलं तिचं. तिले सांगशीन हे?"

"मी म्हनलं काय, सांगते म्हनून?" माय चिडली. मग ती सुपातल्या ज्वारीवरून नुसता हात फिरवत राहिली. शेवटी खाली पाहूनच म्हणाली, "दादा हाये."

दादा म्हणजे माझा मामा, तिचा मोठा भाऊ. त्याचं गाव तलमडुगुच्या बाजूला. त्याच्याशी आमचं बोलणं बंद होतं, आणि त्याचं कारण मी होतो. मामाची मुलगी मला द्यायची असं आम्ही लहान असतानाच बोललेलं होतं. मी कॉलेजात गेलो तेव्हा माय त्याच्याकडे जाऊन म्हणाली, पोराचं शिक्षण होऊ दे, मग पाहू. मामाने त्याचा अर्थ वेगळा लावला. शिकलेल्याला आता माझी पोरगी चालत नाही, असं तो चार लोकांत बोलला आणि मुलगी दुसरीकडे दिली. लग्नाला आम्हाला बोलावलं नाही. माय त्या दिवशी शेतात गेली होती आणि नेहमीपेक्षा जास्त निंदून आली होती.

"थो रडन काय?" तिने विचारलं.

मी एकदा म्हटलं, "माय, असं काही होत नाही. पक्षी आहे तो."

"होत नाई ना? मंग निरोप गेल्यानं तुहं काय जाते?"

तिला माझ्यासाठी एका माणसाचे आसू पाहिजे होते, आणि तो माणूस आता आपला राहिला आहे की नाही तेच तिला माहीत नव्हतं. जर तो रडला नाही, तर तिच्या हिशोबाने तिचा मुलगा जाणार होता, आणि भाऊ तर आधीच गेलेला ठरणार होता.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. जाण्याआधी ओट्यावर टेकून त्यांनी विचारलं, "काय झालं म्हनू? साप म्हनू का ऊन लागलं म्हनू?"

मायने पदर कानावर घेतला.

"ऊन म्हना," बाबा म्हणाले. "अन् पान खाऊन नका जाऊ बरं."

"मले शिकवता काय? मी किती मानसं मारली, एकाले तरी शंका आली काय?"

मला घराबाहेर पडायचं नव्हतं. मेलेला माणूस गावात फिरताना दिसला आणि ते कुणी तिकडे जाऊन सांगितलं तर सगळं वाया. मी आत बसून पिल्लांचा ओरडा ऐकत राहिलो. घरात ऊन नव्हतं पण हवाही नव्हती. माय काम करत होती आणि मध्येच दारात येऊन रस्त्याकडे पाहून जात होती.

काका दिवस कलताना परत आले. चेहऱ्यावरून काही कळेना.

"सांगतलं," ते म्हणाले. "दारातच उभं राहून सांगतलं. पानी बी नाई पेलो. म्हनलं, तुमचा भाचा गेला, काल उन्हानं गेला."

"मंग?"

"मंग काई नाई. माह्याकडं पाहत राह्यला. अन् उठून घरात गेला."

"रडला नाई?"

"मी थांबलो ना बाई. लय येळ थांबलो. आतून आवाजच नाई. शेवटची बस होती, आलो."

माय पुढे झाली. "अन् खरं? खरं सांगतलं का नाई?"

काका गोंधळले. "रडलाच नाई तं सांगू कसं? रडल्याबिगर सांगत नसतात ना खरं."

नियम त्यांनी बरोबर पाळला होता. त्यामुळे आता मामाच्या घरात मी मेलेलाच होतो, आणि माझ्यासाठी कुणी रडलंही नव्हतं. काका हळूच निघून गेले. बाबा म्हणाले, "उद्या मी जाऊन सांगून येतो." मायने भाकरी केल्या, आम्हाला वाढल्या, आणि भिंतीला टेकून बसली. इतकी थकलेली मी तिला कापूस वेचून आल्यावरही पाहिली नव्हती.

सकाळी बाबा निघायच्या तयारीत होते. मी ओट्यावर आलो होतो, कारण आता लपण्यात काही अर्थ राहिला नव्हता. पहिली बस येऊन गेल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी मामा दिसला. खांद्याला थैली, डोक्याला दुपट्टा, झपाझप चालत. मला पाहून तो होता तिथे थांबला. पुढे आला, पुन्हा थांबला.

"मेला नाई तू?"

"नाई मामा."

"मंग पानी आन."

तो खाटेवर बसला. मी तांब्या दिला, तो त्याने एका दमात रिकामा केला. माय दाराच्या आतच उभी होती. इतक्या काळानंतर भाऊ घरी आला होता, पण ती बाहेर आली नाही.

"रडला नाई म्हने तू," ती आतूनच म्हणाली.

"कोन म्हनलं?"

"काका."

"त्याच्यासमोर रडू काय मी? त्याले पाहूनच ओयखलं. मांगच्या साली माह्या साडूच्या घरी हाच आला होता, थ्याच्या बापाले मारून गेला. म्हातारा अजून हाये, बिड्या ओढते."

बाबांना हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

"ओयखलं तं आला काऊन मंग?" मायने विचारलं.

मामा माझ्याकडे वळला. "कोन्त्या झाडावर हाये थे घरटं?"

मी त्याला गोठ्यामागे नेलं. कावळी वर ओरडू लागली, म्हणून आम्ही लांबच उभे राहिलो. पिल्लं आता इतकी मोठी झाली होती की घरट्याच्या काठावर त्यांची डोकी दिसत होती. कावळी काहीतरी घेऊन आली, सगळी तोंडं उघडली, आणि तिने ते सर्वांत पुढच्या तोंडात घातलं.

"थे पुढचं कोकिळेचं," मी म्हणालो.

"अन् हिले समजत नाई?"

"नाई. काही पक्ष्यांना समजतं. ते परकं अंडं बाहेर फेकतात." मग कोण जाणे का, मी पुढचंही सांगितलं. "कधी कधी चुकतात. आपलंच फेकतात."

"मंग?"

"मग काही नाही. पुढच्या खेपेला दुसरी घालतात."

मामा वर पाहत राहिला. दुपट्ट्याने मान पुसली. "पाखराले घालता येतात दुसरी," तो म्हणाला, आणि घराकडे वळला. मी मागे राहिलो. मला काहीतरी बोलायचं होतं, त्याच्या मुलीबद्दल, माझ्या शिक्षणाबद्दल, पण ते कोणत्याच भाषेत जमलं नाही.

घरात माय त्याची थैली रिकामी करत होती. पाहुण्याने आणलेलं काढून घ्यायचं आणि थैली परत द्यायची, अशी आमच्याकडची रीत. वर गावरान आंबे होते, पिकलेले, वास सगळ्या घरात पसरला होता. ती ते एकेक काढून टोपलीत ठेवत होती. मग तिचा हात थांबला. तिने थैलीतून एक घडी बाहेर काढली. कोरं पांढरं कापड होतं, दुकानातून तसंच आणलेलं, घडी न मोडलेलं.

"दादा, हे काय हाये?"

"कापड."

"कायचं कापड?"

मामा खाटेवर बसला. "निरोप खोटा हाये हे मले ठाऊक होतं. पन खरा असता तं? खरा असता तं पोराच्या अंगावर टाकायले मामाचं कापड लागलं असतं का नाई? अन् खोटा असला तं आंबे लागले असते."

मायने ते कापड छातीशी धरलं आणि ती रडू लागली. आवाज न करता नाही, चांगली मोठ्याने, पाय पसरून, बाया मरणाच्या घरी रडतात तशी. शेजारच्या दोघी-तिघी दारात आल्या. मामा गडबडला.

"अवं हे काऊन रडून राह्यली? मले रडायले पायजे होतं ना?"

"चाला," बाबा म्हणाले, "कोनी तं रडलं."

"लग्नाले बलावलं नाई तू मले," माय रडतारडता म्हणाली.

"नाई बलावलं."

"भाची हाये माही थे. मी तिचं तोंड नाई पाहलं हयद लागलेलं."

"रागात होतो बाई." मामा खाली पाहत म्हणाला. "आता काय करू? पुन्ना लगन लावू काय तिचं?"

यावर माय रडताना मध्येच हसली, आणि मग तिला दोन्ही आवरेना. बाबांनी तिच्या हातातलं कापड काढून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "चांगलं हाये," ते म्हणाले. "माह्या धोतराले होईन." मायने ते हिसकावून घेतलं आणि हे घरात ठेवायचं नाही म्हणून सांगितलं. मामाने ते मुकाट्याने थैलीत परत टाकलं.

मामा जेवला, दुपारी ओट्यावर झोपला. उठल्यावर बाबांबरोबर बैल पाहून आला. माझ्याशी तो फारसं बोलला नाही. जाताना फक्त म्हणाला, "आता किती वर्सं राह्यलं तुहं?" मी म्हणालो, एक. "पुरं कर मंग," तो म्हणाला. एवढंच. त्यात राग होता की माया, मला सांगता येत नाही.

माय आणि मी त्याला बसपर्यंत सोडायला गेलो. रस्त्यावर सावली नव्हती. बस येताना दिसली तेव्हा मायने त्याची बाही धरली. दिवसभर तिने तो प्रश्न पुन्हा काढला नव्हता. मला वाटलं होतं की कापड पाहून तिचं समाधान झालं असेल. झालं नव्हतं.

"दादा, खरं सांग. माह्या पोराच्या जिवाचा प्रश्न हाये. रडला का नाई?"

मामाने बाही सोडवून घेतली नाही. बसकडे पाहत तो म्हणाला, "सकाळी येताना बसमधी एका मानसानं मले पानी पाजलं. ओयख ना पायख. बाटली माह्या हातात देल्ली अन् म्हने, प्या काका, होते ठीक सगयं." मग तो चढला. दारात उभं राहून त्याने ओरडून सांगितलं की टोपलीतले खालचे आंबे आधी खा, ते राहणार नाहीत.

बस गेली. धूळ बसेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. मग माय रस्त्याकडेच्या दगडावर बसली, दोन्ही हात मांडीत टाकून. मी विचारलं, जायचं का घरी. ती म्हणाली, "बस थोडा. पायातला जीव गेला माह्या." मी शेजारी बसलो. ऊन अजून होतं. मग ती म्हणाली, "अक्काचं बायतपन झालं की मी दादाच्या पोरीकडं जाऊन येते. तिच्या लग्नाचं लुगडं द्यायचं राह्यलं." आणि डोळे मिटून तशीच बसून राहिली.